डाव्या बरगडीखालचा आवाज

इथले जुने वाचक मला ओळखत असतील. कोणी लिहिलं की पंखा आपोआप सुरू झाला, तर खाली 'रेग्युलेटर बदला' अशी कॉमेंट टाकणारा तो खडूस माणूस... तोच मी. 'तुमच्यावर वेळ येईल तेव्हा कळेल' असं मला इथे कितीतरी जणांनी सुनावलं आहे. तर मंडळी, वेळ आली. भुताखेतांवर माझा आजही विश्वास नाही. पण या खेपेला कुठला रेग्युलेटर बदलायचा तेच कळत नाहीये, म्हणून लिहायला बसलोय. हसायचं असेल तर हसा, माझी पाळी आहे.

आधी घरचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही नागपूरचे, बौद्ध. घरात देव्हारा नाही, नवस नाही, उपास नाही, कधी कोणाची दृष्ट काढलेली नाही. आई शाळेत विज्ञान शिकवायची, आणि सुट्टीच्या दिवशी मैत्रिणींना घेऊन आसपासच्या गावांत अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यक्रम करायची. लिंबातून रक्त काढून दाखवायचं, पाणी शिंपडून आग लावून दाखवायची, आणि मग ते कसं केलं ते सगळ्यांना समजावून सांगायचं. एका बाबाने भर सभेत तिला शाप दिला होता, अमावास्येच्या आत मरशील म्हणून. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी आई त्याच्या दारात पेढे घेऊन गेली! अशा बाईचा मी मुलगा. शिवाय धंद्याने इलेक्ट्रॉनिक्सचा. सिंगापूरला चिप बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्ट इंजिनिअर आहे. सिग्नल खरा की खोटा हे ठरवण्याचाच मला पगार मिळतो.

आम्ही पुंगोलला राहतो. बायको रश्मी नोव्हेनाला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. मुलगी मैत्री प्रायमरी स्कूलमध्ये आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र सिंग्लिशमध्ये, म्हणजे इथल्या सिंगापुरी इंग्रजीत.

मेटल डिटेक्टरचं खूळ माझं. चाळिशी आली, पोट सुटलं, रश्मी म्हणाली काहीतरी छंद लावून घे. तिच्या मनात स्विमिंग असणार. मी मात्र इंग्लंडमधल्या शेतात जुनी नाणी शोधणाऱ्या म्हाताऱ्यांचे व्हिडिओ बघून बघून नवशिक्यांसाठीचं एक डिटेक्टर मागवलं. नवं कोरं, सीलबंद खोक्यातलं. हे मुद्दाम लिहितोय, कारण 'आधी कोणाचं होतं?' हा प्रश्न येणारच.

"या देशात पडलेला कागदही कोणी जमिनीवर राहू देत नाही, तुला सोनं कुठून सापडणार?" रश्मी म्हणाली.

नियम आधी नीट वाचले. बागा, जंगल, उबीन बेट, जिथे म्हणून खणायला परवानगी लागते ती सगळी ठिकाणं वगळली. पुंगोलचा किनारा घरापासून जवळ आहे, पण दुसऱ्या महायुद्धात जपानी सैनिकांनी तिथे शेकडो माणसं गोळ्या घालून मारली होती, ते ठाऊक असल्यामुळे तिथे खुरपं चालवायला मन घेईना. म्हणून मी थेट ईस्ट कोस्टला जायचो. थोडक्यात, कॉमेंटमध्ये सैनिक आणू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो. डिटेक्टर म्हणजे काठीच्या खालच्या टोकाला एक गोल चकती, तिला कॉइल म्हणतात. ती जमिनीलगत डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत राहायची. खाली धातू आला की हेडफोनमध्ये आवाज येतो. लोखंडाला जाडा, नाण्याला बारीक. आणि दुसरी गोष्ट, तीच महत्त्वाची: माझ्यासारख्या मशीनमध्ये कॉइल हलती ठेवावी लागते. खाली भले लोखंडाची तिजोरी असो, तुम्ही हात स्थिर धरलात की आवाज बंद. मशीनची रचनाच तशी असते. ही गोष्ट कृपया लक्षात ठेवा.

पहिले काही आठवडे नुसती हमाली झाली. घरात लावून बघितलं तर फरशीखालच्या सळयांमुळे सगळं घरच बोंबलायला लागलं. किनाऱ्यावर गेलो तर ओल्या खाऱ्या वाळूवर ते उगाचच कुरकुरायचं. मग शिकलो की सेन्सिटिव्हिटी कमी करायची, ओहोटीला जायचं, खड्डा केला की बुजवायचा. कमाई काय, तर कोल्ड्रिंकच्या कॅनची कडी, बार्बेक्यूच्या काड्या, एक गंजलेली चावी आणि दहा सेंटचं नाणं. त्या नाण्याचा मी इतका आनंद साजरा केला की रश्मीने नागपूरला फोन लावून आईला सांगितलं, "आई, तुमचा मुलगा कामातून गेला."

जूनच्या सुट्टीत आई आमच्याकडे आली. सत्तरीची आहे, पण तब्येतीने खणखणीत. सकाळी आम्ही उठायच्या आत ती पुंगोलच्या पाण्याकाठी चक्कर मारून आलेली असायची. एका रविवारी सकाळी ओहोटी होती, आम्ही सगळेच ईस्ट कोस्टला गेलो. आई चटई टाकून वाळूवर बसली. रश्मी आणि मैत्री पाण्याकडे गेल्या. मी हेडफोन चढवून आईच्या आसपास कॉइल फिरवायला लागलो, कारण लोक जिथे बसतात तिथेच खिशातून नाणी पडतात.

चटईच्या डाव्या बाजूला आवाज आला.

असा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. ना जाडा, ना बारीक. नेहमीचे आवाज टुक्‌ करून तुटतात. हा तुटत नव्हता... एकसारखा, दबका, घशातल्या घशात कोणी हुंकार द्यावा तसा. स्क्रीनवर एरवी धातूचा आकडा येतो, तिथे काहीच नाही. मी खूश! म्हटलं, काहीतरी मोठं आणि खोल आहे. तिथे खणलं. नुसती वाळू. परत कॉइल फिरवली, आवाज आहेच. अजून खोल खणलं, पाणी लागलं. काही नाही.

"काय उंदरासारखं उकरून राहिलास रे?" आई म्हणाली. "सरकू का मी?"

ती चटई घेऊन पलीकडे सरकली. मी त्याच जागेवर कॉइल फिरवली. शांत. पूर्ण शांत. मग सहज तिच्या नव्या जागेकडे वळवली... आणि हुंकार सुरू.

मी हसलो. "आई, बांगड्या काढ बरं."

तिच्या हातात दोन सोन्याच्या बांगड्या, कानात कुड्या, बस. सगळं काढून तिने पर्समध्ये टाकलं आणि पर्स रश्मीकडे दिली. ब्लाऊजचे हुक होते, पण हुकांचा आवाज मला माहीत झाला होता, रश्मीच्या कुर्त्यावर ऐकलेला. हा तो नव्हता. शिवाय हुक पुढे असतात. आवाज येत होता डाव्या कुशीतून, बरगडीच्या खाली, जरा पाठीकडे. तेवढ्या जागेवरून कॉइल गेली की हुंकार, बाहेर गेली की शांत.

तिथे एक चिनी अंकल नेहमी भेटायचे. रिटायर्ड, पायात गमबूट, या छंदात मुरलेले. ते बघत उभे होते. "युवर मदर गॉट स्क्रू इनसाइड, आह?" त्यांनी विचारलं. आईचं आयुष्यात कुठलं ऑपरेशन झालेलं नाही. अंकलनी परवानगी विचारून स्वतःचं भारी मशीन तिच्या कुशीजवळून फिरवलं. ढिम्म. दोनदा, तीनदा फिरवलं, काही नाही. मग माझ्या मशीनकडे बघून तोंड वाकडं केलं. "यू चेंज लाह. स्पॉइल ऑलरेडी."

आईलाही ते पटलं. विषय संपला असं तिला वाटलं. मला तसं वाटेना, कारण एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. शेवटच्या वेळी मी कॉइल तिच्या कुशीसमोर नुसती धरली होती. न हलवता. आवाज थांबायलाच हवा होता. तो थांबला नाही.

घरी आल्यावर मी मशीन सगळ्या घरावर वापरून बघितलं, फरशीपासून उंच धरून. चमचा, नाणी, कुलूप, मैत्रीची क्लिप. जिथे जो यायला हवा तोच आवाज, हात थांबवला की बंद. मशीन ठणठणीत होतं. आईला रश्मीचा सुती गाऊन घालायला सांगितला, हुक नाही, चेन नाही, काही नाही. पुन्हा तेच, हात थांबवला तरी आवाज सुरूच. आता हेडफोन काढून टाकला होता, त्यामुळे तो हुंकार सगळ्यांनी ऐकला. मैत्री आधी हसत होती, मग हळूच रश्मीला जाऊन चिकटली.

मला एकदम एक सुचलं. आईच्या काळात सरकारी दवाखान्यात तांबी बसवायचे, आणि कित्येक बायका ती काढायलाच विसरायच्या. रश्मीने लॅबमध्ये असे किस्से ऐकलेले होते. आता हे आईला विचारणार कोण? मी रश्मीकडे बघितलं, रश्मीने छताकडे.

"आई... ते... तुझ्या वेळी... तांबी वगैरे..."

"बसवली होती," आई शांतपणे म्हणाली. "तू झाल्यावर. आणि काढलीसुद्धा, तू चौथीत होतास तेव्हा. आणि बाप्पा, ती काय कुशीत बसवतात का? इंजिनिअर झालास, शरीरशास्त्र शिकला नाहीस."

रश्मी पदर नसतानाही तोंडाला पदर लावल्यासारखं करून हसत आत पळाली. मीही हसलो.

दोन दिवस मी गप्प राहिलो. ऑफिसमध्ये लक्ष लागेना. आईला सोमवारी परत जायचं होतं, तिकीट काढलेलं होतं. आणि एकदा ती नागपूरला गेली की डॉक्टरचं तोंड बघणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. माझे बाबा गेल्यापासून ती एकटी राहते, आणि आजारपण म्हणजे तिला स्वतःचा अपमान वाटतो. शेवटी संध्याकाळी चहा पिताना मी विषय काढला.

"आई, एकदा सोनोग्राफी करून घेऊ. रश्मी अपॉइंटमेंट घेईल."

"कशासाठी?"

"असंच. त्या जागेची."

तिने कप खाली ठेवला. "मशीन वाजलं म्हणून?"

"...हो."

"मला दुखतं का? भूक लागत नाही का? झोप नाही लागत?" तिचा आवाज चढला. "मग उद्या कावळा ओरडला म्हणून नेशील. परवा मांजर आडवं गेलं म्हणून. आयुष्यभर मी घरोघर जाऊन काय सांगितलं, आणि माझ्याच घरात, माझाच मुलगा... लाज वाटते का काही?"

मला राग आला. खरं तर भीती होती, ती रागाच्या रूपाने बाहेर आली. "माझा काही विश्वास नाहीये त्याच्यावर!" मी ओरडलो. "पण सिग्नल आहे! मी रोज हेच बघतो! सिग्नल आहे आणि तो का आहे ते मला सांगता येत नाही! तू असं सोडून दिलंस आणि उद्या काही झालं तर मी काय करू?"

मैत्री पास्ता खायची थांबली. आई माझ्याकडे बघत होती, वर्गात खोडी कोणी काढली ते ओळखायला बघावं तशी.

"तुझ्या मनात एकदा बसलं ना, की मशीन माझ्याजवळ वाजणार," ती म्हणाली, "तर तुझा हातच ते वाजवेल. नकळत. तू लबाड आहेस असं मी म्हणत नाही. बाबा लोक पण काही सगळे लबाड नसतात, त्यांचा स्वतःचाच विश्वास असतो. त्यांना कसं उघडं पाडायचं ते मला माहीत आहे. थांब."

आणि आमच्या हॉलमध्ये आईने तो प्रयोग मांडला, गावोगाव मांडायची तसाच. बेडरूमच्या दारात चादर टांगली, वरपासून खालपर्यंत. तिघी पलीकडे, मी अलीकडे. मला हेडफोन, म्हणजे त्यांच्या पावलांचा आवाज मला येणार नाही. दर वेळी कोण उभं राहणार ते पत्त्यांच्या कॅटमधून एक पत्ता काढून ठरणार. मी चादरीलगत कॉइल फिरवायची आणि बोलायचं, 'आई' किंवा 'आई नाही'. बरोबर की चूक ते शेवटपर्यंत मला सांगायचं नाही. हरलो तर मशीन परत पाठवायचं आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही.

"आणि तू हरलीस तर?" मी विचारलं.

"मी हरत नाही," आई म्हणाली.

बाहेर अजून लख्ख ऊन होतं. खाली खेळाच्या जागेत मुलं ओरडत होती, एलआरटीची छोटी ट्रेन जाताना दिसत होती. मी हे लिहितोय कारण वातावरणनिर्मिती वगैरे काही नव्हती. मी मनापासून हरायची वाट बघत होतो. हरलो असतो तर काय बरं वाटलं असतं!

पहिल्यांदा काही आलं नाही. "आई नाही." दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा चादरीपाशी कॉइल नेली आणि हुंकार आला. "आई." मग नाही. मग पुन्हा आई. एकदा आवाज आला पण उलट्या बाजूला. मी गोंधळलो. "आई... पण पाठ करून उभी आहे." पलीकडे काय झालं मला कळलं नाही, पण चादर जराशी हलली. एकदा खणखणीत जाडा आवाज आला. "हा डबा आहे. स्टीलचा किंवा लोखंडाचा." मग एकदा चादरभर कुठेच काही नाही, पण कॉइल खाली नेली तर फरशीच्या सळयांच्या आवाजातून तो दबका आवाज वेगळा ऐकू आला. "आई. खाली बसली आहे."

मग चादर बाजूला झाली. रश्मीचा चेहरा पांढरा पडला होता. मैत्री म्हणाली, "पप्पा, यू ऑल करेक्ट. एव्हरी टाइम." तिला रडू येत होतं.

आई अजून खालीच बसली होती. "परत," ती म्हणाली.

परत केलं. या वेळी चादर दुहेरी. मी डोळ्यांवर रुमाल बांधला. तेच झालं.

आईने उठून चादर काढली, नीट चौकोनी घडी केली, कपाटात ठेवून आली. मग चष्मा काढून पुसला. "रश्मी," ती म्हणाली, "लवकरात लवकरची अपॉइंटमेंट घे."

मला सुटल्यासारखं झालं. "आई... तुझा विश्वास बसला?"

"विश्वास कशाला पाहिजे?" ती फटकन म्हणाली. "प्रयोगात आलं. कारण कळत नाही, ते कळेल तेव्हा कळेल. लोकांना इतकी वर्षं सांगत आली, आधी तपासा, मग बोला. आता माझ्यावर आलं तर तपासायला नाही म्हणू?"

तेव्हा मला माझ्या आईचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आयुष्यात कधी वाटला नव्हता. आणि तेवढीच भीतीही.

नोव्हेनाच्या डॉक्टर तरुण होत्या. काय त्रास होतो, त्यांनी विचारलं. काही नाही, आई म्हणाली. मग आलात कशासाठी? मी काहीतरी गुळमुळीत बोलणार होतो, रूटीन चेकअप वगैरे. आईने मला हातानेच गप्प केलं आणि शाळेतल्या इंग्रजीत स्वच्छ सांगितलं, "माय सन हॅज अ मशीन. इट मेड अ साउंड. वी डिड अ टेस्ट." डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी माझ्या बुटांकडे बघितलं. त्या भल्या बाईंनी सोनोग्राफी लिहून दिली.

मला आत बसू दिलं होतं. सोनोग्राफी करणारी मुलगी आधी गप्पा मारत होती, नागपूर कुठे आलं, तिथे किती उकडतं. उजवी बाजू झाली. मग ती डावीकडे आली. बरगडीखाली, जरा पाठीकडे... तिथे तिचा हात थांबला. तिने ते यंत्र आडवं फिरवलं, मग उभं, मग पुन्हा आडवं. मीही वाळूत अगदी असंच करतो, वस्तू नेमकी कुठे आहे ते बघायला. तिच्या गप्पा बंद झाल्या होत्या. आई छताकडे बघत पडली होती, आणि तिने हात लांब करून माझा हात धरला. माझी आई कोणाचा हात धरत नाही हो. रस्ता ओलांडतानासुद्धा नाही.

डाव्या किडनीत गाठ होती. पुढच्या तपासण्यांत कळलं की ती कॅन्सरची आहे. लहान, अजून कुठे पसरलेली नाही. या गाठी दुखत नाहीत, कळतात तेव्हा बहुतेकदा उशीर झालेला असतो, असं डॉक्टर म्हणाल्या.

ऑपरेशन नागपूरला केलं, आईचा हट्ट. मी सोबत गेलो. किडनी काढावी लागली, पण पुढे औषधांची गरज पडली नाही. तिथले सर्जन म्हणाले, एवढ्या लवकर सापडली कशी? आई म्हणाली, मुलाच्या मशीनने. त्यांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, सिंगापूरला माझं सोनोग्राफी सेंटर आहे.

आता तुम्ही जे लिहिणार आहात ते मी आधीच लिहून टाकतो. गाठीत धातू होता का? नाही. काढलेल्या किडनीची तपासणी झाली, धातूचा कणही नव्हता. शरीरातलं मीठ-पाणी वाजलं का, खाऱ्या वाळूसारखं? मग मी, तुम्ही, सगळेच वाजलो असतो. मशीन बिघडलेलं होतं का? ऑफिसमधल्या एका मित्राच्या मदतीने मी ते उघडून सगळं मोजलं. सर्किट जसं हवं तसंच होतं. त्यातला जो फिल्टर स्थिर सिग्नल कापून टाकतो, तोही चोख काम करत होता. म्हणजे हात स्थिर धरून येणारा तो आवाज त्या मशीनमधून येऊच शकत नाही. तो हेडफोनपर्यंत पोचायला रस्ताच नाही. आणि आम्ही चौघांनी तो ऐकलाय. दुसऱ्या कोणाच्या अनुभवाखाली हे वाचलं असतं, तर 'थापा' एवढंच लिहून मी पुढे गेलो असतो.

गेल्या महिन्यात आई पुन्हा आली. रंग परतलाय, पूर्वीसारखीच सगळ्यांना कामाला लावते. आल्या आल्या म्हणाली, "मशीन कुठे आहे? प्रयोग अर्धा सोडून चालत नाही."

मशीन स्टोअररूममध्ये होतं, ते मोजमाप झाल्यापासून जवळजवळ वर्षभर मी त्याला हात लावला नव्हता. आईने स्वतःच बाहेर काढलं, स्वतःच सुरू केलं, आणि मला तिच्या डाव्या कुशीवरून फिरवायला लावलं. काही आवाज नाही. हळू, जोरात, थांबवून, सगळं करून झालं. शांत. मी जो श्वास सोडला तो मला वाटतं शेजारच्या ब्लॉकमध्ये ऐकू गेला असेल.

आई मात्र वर्गात असल्यासारखी बोलत होती. "आता बाकीच्यांवर. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही." तिने मशीन माझ्या हातून घेतलं. मैत्री आनंदाने उडी मारून पुढे आली. "आजी, स्कॅन मी! स्कॅन मी फर्स्ट!" दोन्ही हात पसरून उभी राहिली, एअरपोर्टवर उभं राहतात तशी.

आईने कॉइल उचलली. मैत्रीच्या खांद्याच्या दिशेने नेली.

आणि थांबली. मध्ये वीतभर अंतर असेल. रश्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने ओटा पुसायचं फडकं छातीशी घट्ट धरलं होतं. आईचं लक्ष मैत्रीच्या चेहऱ्याकडे होतं. मैत्री हसत होती, पुढचे दोन दात नुकतेच आलेले.

आईने बटण दाबून मशीन बंद केलं.

"वाय स्टॉप, आजी?"

"राहू दे बेटा," आई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "मला भीती वाटते रे."

हे शब्द मी तिच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकले. बाबा गेले तेव्हाही नाही, ऑपरेशनला आत नेताना नाही. मी तिच्या हातून मशीन घेतलं. तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. तिने ते सगळं निमूटपणे करू दिलं.

कारण मला माहीत नाही. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणावं, भूत म्हणू नये, हे आईनेच शिकवलं, आणि तेच मी इथे लिहितोय. कोणा इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला काही सुचलं तर जरूर सांगा, मी सर्किटचे फोटो पाठवतो. फक्त पुन्हा एकदा सुरू करून बघा, असं म्हणू नका. रश्मी म्हणते, विकून टाक. विकू कसं? उद्या आमच्यातल्या कोणाला लागलं तर? आणि ठेवायचं, तर वापरायचं कधी? मशीन स्टोअररूममध्येच आहे, भिंतीला टेकवून, इस्त्रीच्या टेबलाच्या मागे.

मैत्री अधूनमधून विचारते, "पप्पा, वेन वी गो बीच विथ द मशीन?" बॅटरी संपली आहे, असं मी तिला सांगतो.